दर्शनपरीक्षा आणि दवाखान्याच्या भिंतीचा रंग

दवाखाना थाटताना वैद्य पुष्कळ गोष्टींचा विचार करतो. जागा रस्त्यालगत आहे का, पावसाळ्यात रुग्णांना उभे राहायला पडवी आहे का, औषधांच्या कपाटांना ओल लागणार नाही ना, असे अनेक प्रश्न तो स्वतःला व इतरांना विचारतो. भिंतीला रंग कोणता द्यावा, हा प्रश्न मात्र बहुधा रंगाऱ्यावर किंवा घरच्या मंडळींवर सोपवून आपण मोकळे होतो. मीही तसाच मोकळा झालो होतो. त्या मोकळेपणाची किंमत एका रुग्णाला मोजावी लागता लागता राहिली. म्हणून हा विषय सभासद वैद्यबंधूंपुढे व औषधालय चालवणाऱ्या मित्रांपुढे मांडण्याचे धाडस करीत आहे. विषय वरकरणी शोभेचा वाटेल, परंतु त्याचा संबंध थेट दर्शनपरीक्षेशी आहे.

आषाढातील एक संध्याकाळ

काही वर्षांपूर्वी लांज्यातील माझ्या तपासणीच्या खोलीला नवा रंग दिला. आमच्याकडे पावसाळ्याचे चार महिने आभाळ उतरलेले असते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जांभ्याच्या जाड भिंती, उतरत्या कौलांची पडवी आणि भोवतालची आंब्या-फणसाची झाडे यांमुळे खोलीत दुपारीही अंधारून येते. तापाने फणफणलेल्या माणसाला आत आल्यावर जरा ऊब वाटावी, या हेतूने मी ताज्या लोण्यासारखा पिवळसर रंग निवडला. त्याला साजेसे पिवळ्या प्रकाशाचे एलईडी दिवेही लावले. खोली प्रसन्न दिसू लागली. येणारा प्रत्येक जण तिचे कौतुक करी आणि मीही मनातून सुखावत असे.

पुढच्या आषाढात, भातलावणीच्या ऐन धांदलीत, एक शेतकरी गृहस्थ पत्नीसह संध्याकाळी आले. चार दिवसांचा ताप, अंगमर्द, पोटऱ्यांत असह्य वेदना आणि मळमळ अशी लक्षणे होती. मी नाडी पाहिली, जिव्हा पाहिली, पापणी ओढून नेत्रही पाहिले. नेत्र किंचित आरक्त आहेत एवढेच मला दिसले. ज्वराची औषधे बांधून दिली व दोन दिवसांनी येण्यास सांगितले. मंडळी बाहेर पडली आणि क्षणभरात त्या बाई पडवीतूनच परत वळल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, ह्यांचे डोळे इथे पिवळे दिसतायत हो."

मी बाहेर आलो. पाऊस थांबला होता व पश्चिमेकडे आभाळ थोडे उजळले होते. त्या उजेडात नेत्रांचा हरिद्रावर्ण इतका स्पष्ट होता की मला स्वतःची लाज वाटली. चिखलातले काम, पोटऱ्यांच्या वेदना, आरक्त नेत्र आणि त्यावर कामला, ही सांगड कोकणातील कोणत्याही चिकित्सकाला लेप्टोस्पायरोसिसची आठवण करून देणारी आहे. त्यांना त्याच रात्री रत्नागिरीस पाठवले. ते बरे होऊन घरी आले आणि दिवाळीत भेटूनही गेले. परंतु ते दोन दिवस माझ्या औषधांवर घरी राहिले असते तर काय झाले असते, हा विचार मला पुष्कळ दिवस छळत राहिला.

त्या रात्री त्याच खोलीत, त्याच दिव्याखाली, एक कोरा पांढरा कागद मी भिंतीला लावून पाहिला. कागद पांढरा वाटला. मग तोच कागद घेऊन पडवीत गेलो आणि इन्व्हर्टरवरच्या पांढऱ्या ट्यूबखाली उभा राहून आतल्या खोलीकडे पाहिले. सारी खोली हळदीच्या पाण्यात बुडवल्यासारखी दिसत होती. आत असताना मात्र मला ते जाणवले नव्हते.

समानाभिहार

महाविद्यालयात असताना चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील तिस्रैषणीय अध्याय आपण सर्वांनीच अभ्यासला आहे. वस्तू अस्तित्वात असूनही तिचे प्रत्यक्ष ज्ञान का होत नाही, याची आठ कारणे तेथे दिली आहेत : अतिसन्निकर्ष, अतिविप्रकर्ष, आवरण, करणदौर्बल्य, मनाचे अनवस्थान, समानाभिहार, अभिभव आणि अतिसौक्ष्म्य. हे विवेचन मुळात पुनर्भवाच्या चर्चेत, केवळ प्रत्यक्षावर विसंबणाऱ्याला त्याची मर्यादा दाखवण्यासाठी आले आहे. परीक्षेपुरते आपण ते पाठ करतो आणि पुढे विसरतो.

माझ्या बाबतीत घडले ते यांतील सहाव्या कारणाचे शुद्ध उदाहरण होते. समानाभिहार म्हणजे सारख्याशी सारखे मिसळून जाणे. तांदळाच्या राशीत टाकलेला तांदळाचा दाणा जसा निराळा काढता येत नाही, तसा पिवळ्या खोलीत डोळ्याचा पिवळेपणा निराळा काढता येत नाही. माझे डोळे शाबूत होते, मन ठिकाणावर होते, रुग्ण हाताच्या अंतरावर होता. करणदौर्बल्य नव्हते, अनवस्थान नव्हते, विप्रकर्षही नव्हता. दोष भिंतीत आणि दिव्यात होता. भिंत व दिवा मीच निवडलेले असल्यामुळे तो दोष अर्थात माझाच.

आपल्या शास्त्रात वर्णाला किती महत्त्व आहे हे सुज्ञ वाचकांस सांगायला नको. दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या त्रिविध परीक्षेत पहिले स्थान दर्शनाचे आहे. योगरत्नाकरातील अष्टविध परीक्षेपैकी मूत्र, मल, जिह्वा, दृक् व आकृती या पाच परीक्षांत डोळ्याने रंग पाहावा लागतो. चरकाचार्यांनी इंद्रियस्थानाचा पहिलाच अध्याय वर्ण व स्वर यांवर लिहिला. कृष्ण, श्याम, श्यामावदात व अवदात हे प्राकृत वर्ण आणि नील, श्याव, ताम्र, हरित व शुक्ल हे वैकृत वर्ण तेथे सांगितले. चिकित्सास्थानातील सोळाव्या अध्यायात पांडूचे पाच प्रकार, कामला आणि हलीमक यांचा भेद बराचसा नेत्र, त्वचा, नख, मुख, मल व मूत्र यांच्या वर्णावर उभा आहे. शाखाश्रित कामलेतील तिळाच्या पिठासारखा मल ओळखायचा तोही रंगावरूनच. ज्या चिकित्सकाचे निदान इतके वर्णावर अवलंबून आहे, त्याने ज्या प्रकाशात तो वर्ण पाहायचा त्या प्रकाशाबद्दल बेफिकीर राहणे कितपत योग्य?

सूत्रस्थानातील उपकल्पनीय अध्यायात रुग्णालयाची वास्तू कशी असावी ते सांगितले आहे. ती दृढ असावी, निवात असून एका बाजूने वारा खेळता असावा, आत सहज वावरता यावे, धूर, ऊन, पाणी व धूळ यांचा उपद्रव नसावा, अशी ही यादी बारकाईची आहे. त्या काळी तपासणी दिवसाच्या उजेडात होत असे. आज आपले निम्मे रुग्ण दिवेलागणीनंतर येतात. तेव्हा त्या यादीत आपल्या काळापुरती भर घालण्याची जबाबदारी आपलीच आहे.

पिवळेपणा कसा लपतो

यामागचे कारण समजून घेतले तर रंगाची निवड सोपी होते. रक्तातील बिलिरुबिन हे द्रव्य प्रकाशातील निळा भाग शोषून घेते. साधारण ४५० ते ४६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास हे शोषण सर्वाधिक असते. पांढऱ्या प्रकाशातून निळा भाग वजा झाला की उरलेला प्रकाश पिवळा दिसतो, म्हणून कामलेत नेत्र पिवळे दिसतात. याचा अर्थ असा की डोळ्यावर पडणाऱ्या प्रकाशात मुळात निळा भाग पुरेसा असेल, तरच तो कमी झाल्याचे कळेल. पिवळ्या दिव्यात निळा भाग आधीच तोकडा असतो. अशा प्रकाशात निरोगी नेत्र आणि कामलेचा नेत्र यांतील फरक घटतो. रक्तातील बिलिरुबिन प्रति डेसिलिटर साधारण २ ते ३ मिलिग्रॅमच्या पुढे गेल्यावरच पिवळेपणा चांगल्या उजेडात ओळखू येऊ लागतो. वाईट उजेडात तो त्याहून बराच वाढेपर्यंत आपल्याला पत्ता लागत नाही.

भिंत या कामी दिव्याला साथ देते. उदाहरणादाखल एक भिंत तांबड्या प्रकाशापैकी ८० टक्के व निळ्यापैकी ६० टक्के परत फेकते असे धरू. एकदा आपटून आलेल्या प्रकाशात तांबडे व निळे यांचे प्रमाण ८० ला ६० राहील. तोच प्रकाश समोरच्या भिंतीवर आपटून आला की ६४ ला ३६, आणि तिसऱ्यांदा आपटल्यावर सुमारे ५१ ला २२. म्हणजे कार्डावर जेमतेम पिवळसर वाटणारा रंग चार भिंतींना लावल्यावर कितीतरी गडद होतो. दुकानात चौकटीएवढा तुकडा पाहून रंग ठरवणाऱ्यांची फसगत होते ती येथेच.

तिसरा भाग आपल्या दृष्टीचा आहे. मानवी दृष्टी सभोवतालच्या प्रकाशाशी काही मिनिटांत जुळवून घेते आणि त्या प्रकाशातील सर्वांत उजळ वस्तूला पांढरे मानू लागते. संसारात ही मोठी सोय आहे, परंतु चिकित्सकाला ती घातक ठरू शकते. पिवळ्या खोलीत नुकता शिरलेला माणूस सर्वांनाच पिवळे पाहील, आणि तासभर तेथे बसलेला वैद्य कोणालाच पिवळे पाहणार नाही. शेजारच्या रंगामुळे रंग बदलून दिसतो, ही गोष्ट शेवरोल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ साली ग्रंथरूपाने मांडली. पॅरिसच्या गोबेलीन विणकाम कारखान्यात रंगविभाग सांभाळताना, काळ्या रंगाविषयीच्या तक्रारींचे मूळ रंगात नसून त्याच्या शेजारच्या धाग्यांत आहे, असे त्याच्या लक्षात आले होते. पुढे १९१४ साली सॅन फ्रान्सिस्को येथील हॅरी शर्मन या शल्यचिकित्सकाने पांढऱ्याफेक शस्त्रक्रियागृहातील चकाकीने त्रासून तेथे हिरवा रंग आणला. रक्ताच्या तांबड्या रंगाला विरोधी असा रंग भोवती असावा, म्हणजे रक्त व धातू नीट दिसतील, हा त्यामागील विचार होता. शस्त्रक्रियागृहातील हिरव्या रंगाची परंपरा तेथून रुजली. म्हणजे भिंतीचा रंग हा चिकित्सेच्या उपकरणांपैकीच एक आहे, हे शल्यशास्त्राने शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते.

तीन छटा

आता प्रत्यक्ष निवडीकडे येऊ. लोणी रंग काढायचे ठरल्यावर पुन्हा दुकानात गेलो. पांढराशुभ्र रंग द्यावा, हा सर्वांत सोपा मार्ग होता. परंतु ट्यूबच्या उजेडात चारही भिंती पांढऱ्याफेक असल्या की डोळे दिपतात, पावसाळ्यात प्रत्येक डाग उठून दिसतो आणि वृद्ध रुग्णांना मोठ्या इस्पितळात आल्यासारखे वाटून ते आधीच धास्तावतात. रुग्णाचे मन शांत असणे हेही परीक्षेचे अंगच आहे. तेव्हा उबदार परंतु फिकट रंगच हवा होता.

अशा रंगांच्या कार्डावर डझनावारी चौकटी असतात व सगळ्या सारख्याच दिसतात. त्यांतून तीन निवडल्या. कंपन्यांची भारदस्त नावे बाजूला ठेवून मी त्यांना घरगुती नावे दिली. पहिली 'लोणी', म्हणजे आधीच्याच रंगाची फिकट बहीण, दुसरी 'शंख', तिसरी 'सूत', न धुतलेल्या सुती धाग्यासारखी. कार्डावर तिघींत फरक सांगा म्हटले तर शपथेवर सांगता आला नसता. प्रत्येकीचा लहानात लहान डबा आणला, दोन फूट लांबी-रुंदीच्या पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात दिले आणि पुठ्ठे पूर्ण वाळल्यावर रुग्ण बसतो त्या जागेमागे एकेक करून उभे केले. प्रत्येकाशेजारी कोरा पांढरा कागद धरला. सकाळी, भर दुपारी, ढगाळ संध्याकाळी आणि दिव्याखाली, असे आठवडाभर पाहिले.

पांढरा कागद शेजारी येताच तिघींचे स्वभाव उघड झाले. 'लोणी'च्या पोटात पिवळा होता, 'शंखा'च्या पोटात गुलाबी आणि 'सुता'च्या पोटात राखी-हिरवट. रंगारी याला रंगाची झाक म्हणतात. फिकट रंग एकटा पाहिला तर झाक कळत नाही. निर्विवाद पांढऱ्याशेजारी किंवा दुसऱ्या फिकट रंगाशेजारी ठेवला की लगेच कळते. प्रकृतिपरीक्षणातही एकाच व्यक्तीकडे पाहून जे ठरत नाही ते दोघे शेजारी बसल्यावर उमगते, तसाच हा प्रकार.

मग घरच्याच मंडळींना त्या पुठ्ठ्यांसमोर बसवून त्यांचे नेत्र, नखे व जिव्हा पाहिल्या. 'लोणी'समोर नेत्रांचा पांढरा भाग आणि पुठ्ठा एकाच रंगाचे वाटू लागले. 'शंखा'समोर सर्वांची नखे छान गुलाबी दिसली. ज्या घरातील व्यक्तीचे हिमोग्लोबिन कमी असल्याचे मला ठाऊक होते, तिचीही नखे गुलाबी दिसली. 'सुता'समोर मात्र सर्व जण जरा निस्तेज, क्वचित आजारी वाटले. ट्यूबखाली तर हे अधिकच जाणवले.

चूक कोणत्या बाजूची पत्करावी

येथे मला निवडीचा निकष सापडला. तिन्ही छटा खोटे बोलतात, फक्त प्रत्येकीचे खोटे निराळे आहे. पिवळी झाक कामला लपवते. गुलाबी झाक पांडू लपवते. राखी-हिरवट झाक काही लपवत नाही, उलट निरोग्यालाही किंचित रोगी दाखवते. पूर्णपणे सत्य सांगणारी भिंत नसेल, तर तिने कोणत्या बाजूला चुकावे हे आपण ठरवू शकतो. 'लोणी' व 'शंख' वैद्याला निश्चिंत करतात आणि 'सूत' त्याला संशयात टाकते. संशयापोटी एखाद्या निरोगी माणसाला आपण उजेडात नेऊन पुन्हा पाहू, फार तर एक रक्ततपासणी जास्त करवू. निश्चिंतपणापोटी मात्र कामलेचा रुग्ण घरी परत जातो. तपासणीच्या खोलीत म्हणून संशय वाढवणारी छटाच बरी.

मी 'सूत' निवडले, परंतु निम्म्या बळाचे. दुकानातील यंत्रावर पांढऱ्या बेसमध्ये मिसळायच्या रंगद्रव्याचे प्रमाण निम्मे करून मागता येते. त्यामुळे झाक सौम्य झाली व भिंत अधिक उजळ राहिली. रुग्णाच्या मागची एक भिंत आणि छत मात्र कोणतीही छटा न मिसळलेल्या पांढऱ्या रंगाची ठेवली, म्हणजे नेत्राचा पांढरा भाग ताडून पाहायला साक्षीदार कायम समोर असतो. ती एकच भिंत व तीही बिनचकाकीची, म्हणून डोळे दिपत नाहीत. प्रतीक्षाकक्षाला खुशाल 'लोणी' दिले. तेथे कोणी निदान करीत नाही. तेथे ऊब हवी असते.

चुना, नीळ आणि काव

हे सर्व करताना आजोबांच्या काळातील घर आठवले. कोकणकिनाऱ्यावर शिंपल्या भाजून केलेल्या चुन्याने भिंती सारवल्या जात. त्या चुन्यात चिमूटभर नीळ घालण्याची रीत होती. चुन्याच्या अंगची पिवळट झाक नीळ मारते व भिंत शुभ्र दिसते, हे त्या निरक्षर हातांना ठाऊक होते. हौस असेल तेथे चुन्यात पिवडी घालत व खालच्या पट्ट्याला काव लावत. ही पिवडी व काव म्हणजे लोहाचीच रूपे. पिवडीत लोहाबरोबर पाण्याचा अंश असतो. ती भाजली की पाणी निघून जाते व ती तांबडी होते. आपल्या रसशास्त्रात उपरसांमध्ये गणलेला गैरिक तो हाच कुळातला. आमच्या अंगणातला जांभा ज्या लोहामुळे तांबडा, त्याच लोहामुळे बाजारातील बहुतेक उबदार फिकट रंग उबदार होतात. पूर्वी पिवळ्या रंगांसाठी शिशाची संयुगेही सर्रास वापरत. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भाग एवढ्यावर आणणारा नियम २०१६ साली निघाला व नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. जुन्या इमारतीत दवाखाना असलेल्यांनी जुना ऑइलपेंट कोरडा खरवडू नये. ती धूळ लहान मुलांच्या पोटात जाणे अहितकर आहे.

तांबड्या अंगणाची आणखी एक गंमत सांगावीशी वाटते. दुपारचे ऊन जांभ्याच्या फरसबंदीवर पडून खिडकीतून आत येते तेव्हा ते तांबूस होऊन येते, आणि अशा वेळी पांडूचा रुग्णही टवटवीत दिसतो. पावसाळ्यात पडवीला बांधलेली ताडपत्री निळी असेल तर आतला उजेड निळा, पिवळी असेल तर पिवळा. झाडांच्या पालवीतून आलेला उजेड हिरवट. म्हणजे भिंत कितीही विचारपूर्वक रंगवली तरी खिडकीबाहेर काय आहे हे पाहणे सुटत नाही.

औषधालयासाठी

औषधविक्रेत्या व निर्मात्या बंधूंनाही हा विचार लागू आहे. चूर्णाची नवी खेप जुन्या खेपेशी ताडताना, हळदीचा वर्ण पाहताना, अभ्रकभस्माचे निश्चंद्रत्व तपासताना किंवा दह्यावर टाकलेल्या ताम्रभस्माला हिरवट-निळसर झाक येते का ते पाहताना आपण रंगावरच निर्णय देत असतो. भस्माची चमक उन्हात पाहावी असा संकेत आहे, तो उगाच नव्हे. दोन चूर्णे एका दिव्याखाली सारखी व दुसऱ्याखाली वेगळी दिसणे सहज शक्य असते. म्हणून तपासणीच्या टेबलामागे बिनछटेची पांढरी भिंत आणि वर पांढऱ्या प्रकाशाचा चांगला दिवा असावा. आयुर्वेदिक औषधनिर्मितीसाठी २००० साली लागू झालेल्या शेड्यूल टी मध्ये भिंती गुळगुळीत, भेगा नसलेल्या व स्वच्छ करता येण्याजोग्या असाव्यात अशी अट आहेच. रंगकामाचा खर्च करायचाच आहे, तर या दोन्ही गोष्टी एकदमच साधाव्यात.

व्यवहारातील काही सूचना

अनुभवातून हाती आलेल्या चार गोष्टी सांगून आटोपते घेतो.

एक, आधी ओल, मग रंग. कौलातून वा पायातून भिंतीत ओल चढत असेल तर उत्तम रंगालाही दोन पावसांत पोपडे येतात. नवा गिलावा किमान महिनाभर सुकू द्यावा. आमच्याकडे रंगकामाचा योग्य काळ दिवाळीपासून मेच्या मध्यापर्यंत.

दोन, दिवा आधी ठरवावा, मग रंग पाहावा. दिव्याच्या खोक्यावर प्रकाशाचा वर्ण केल्विनमध्ये दिलेला असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळा, ५००० ते ६५०० म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा. तपासणीसाठी दुसरा घ्यावा आणि सीआरआय हा रंगदर्शनाचा अंक ९० किंवा त्याहून अधिक असलेला मिळवावा. स्वस्त दिव्यांत हा अंक ८० च्या आसपास असतो.

तीन, सर्व भिंतींचा रंग एकाच वेळी मिसळून घ्यावा आणि सगळे डबे मोठ्या बादलीत एकत्र करावेत. मागाहून आणलेला डबा त्याच नावाचा असला तरी तंतोतंत जुळेलच असे नाही. हात लागणाऱ्या उंचीपर्यंत धुता येणारा, मंद चकाकीचा रंग असावा. अति चकाकीमुळे दिव्याचे प्रतिबिंब रुग्णाच्या चेहऱ्यावर पडते.

चार, आणि सर्वांत महत्त्वाचे : ज्वर, छर्दी वा अरुचीच्या प्रत्येक रुग्णाचे नेत्र खिडकीपाशी किंवा पडवीत नेऊन, दिवसाच्या उजेडात एकदा पाहावेत. रुग्ण रात्री आला असेल तर पांढऱ्या दिव्याखाली, पांढरा कागद शेजारी धरून पाहावेत आणि मूत्राचा व मलाचा वर्ण आवर्जून विचारावा. शंका राहिलीच तर सकाळची वाट न पाहता रक्त तपासून घ्यावे. बाळंतिणीची खोली आपल्याकडे मुद्दाम अंधारी ठेवतात व तेथे बहुधा मंद पिवळा दिवा असतो. नवजात बालकाची कामला त्या अंधारात कित्येकदा दडून राहते. घरी बाळ पाहायला गेलात तर खिडकी उघडून त्याला उजेडात पाहा, एवढी विनंती आहे.

माझ्या दवाखान्यात आता तो पांढरा कागद टेबलाच्या काचेखाली कायम असतो. नवा सहायक आला की पहिल्या दिवशी त्याला मी पडवीत उभा करून आतल्या खोलीकडे पाहायला सांगतो आणि त्या बाईंचे वाक्य ऐकवतो. संहितेतील आठ कारणे मी महाविद्यालयात पाठ केली होती; त्यांतील सहाव्याचा अर्थ मला एका शेतकऱ्याच्या पत्नीने पडवीत उभे राहून शिकवला. हे ऋण मान्य करून लेख संपवतो.

लांजा, जि. रत्नागिरी